काटा तेलाचा नव्हे, हवेचा

श्री. गणपतराव पांचाळ, म्हणजे देवगाव फाट्यावरचे आपले तात्या, यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात माझ्यासारख्या अर्ध्यातून कॉलेज सोडलेल्या माणसाने लिहावं की नाही, यावर समितीत बरीच चर्चा झाली म्हणे. एक सभासद म्हणाले की तो भडक माथ्याचा आहे, काहीतरी भलतंच लिहून ठेवील. त्यावर तात्या म्हणाले, "लिहू द्या की त्यालाबी. फक्त ताव मोजून द्या." त्याप्रमाणे मला ताव मोजून मिळालेले आहेत. सांगायचं मात्र इतकं आहे की ते पुरायचे नाहीत.

तात्यांची आणि माझी पहिली गाठ मी कॉलेज सोडलं त्याच दिवशी पडली. होस्टेलच्या खाणावळीत एकाने एका मुलीबद्दल वाईट शब्द काढला आणि मी त्याला मारलं. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे. मी पिशवी उचलली आणि एसटीत बसलो. बोरीला घरी जायचं तोंड नव्हतं, म्हणून देवगाव फाट्यावर मधेच उतरलो आणि समोरच्या गॅरेजात एका जुन्या टायरवर जाऊन बसलो. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि त्याखाली उघडी पडलेली ट्रॅक्टरं. त्या काळ्या पसाऱ्यात एक गृहस्थ पांढराशुभ्र सदरा आणि पांढरा पायजमा घालून फिरत होते. मला वाटलं, गिऱ्हाईक असावं.

"कोणाचा रे तू?" त्यांनी विचारलं.

"बोरीच्या किसनरावांचा."

"हात कशानं सुजलाय?"

"एकाला मारलं."

"तो कसा हाय?"

"बरा हाय."

"मग आधी जेव. मारल्यावर भूक लागतीच."

भाकरी, ठेचा आणि कांदा त्यांनी स्वतः पुढ्यात ठेवला. का मारलं, कोणाला मारलं, कॉलेजचं काय, असं एक अक्षर विचारलं नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "डाव्या हातानं पाना धरता येतो का?" मी धरला. त्या दिवसापासून मी तिथंच आहे.

ज्या मुलीवरून ते भांडण झालं तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही. ती तेव्हा परभणीला डी.एड. करत होती, तिचं घर आमच्या बोरीतच, बौद्ध वस्तीत, आणि तिचे वडील दादाराव हे आमच्या गावच्या आबासाहेबांचे ड्रायव्हर. मी तिच्याशी तोवर धड चार वाक्यंही बोललो नव्हतो. तरी माझं काय झालं होतं ते गॅरेजातल्या लिंबालासुद्धा ठाऊक होतं. तात्या मला "मजनूसाहेब" म्हणत, तेही गिऱ्हाइकासमोर.

आता तात्यांच्या कामाविषयी. पांढरे कपडे ही त्यांची हौस नव्हे, ती त्यांची कामाची पद्धत आहे. ते म्हणतात, "तेल गाडीतच ऱ्हायलं पाहिजे. माझ्या सदऱ्यावर आलं म्हंजे एकतर गाडी फुटलीय, न्हाईतर मी." संध्याकाळी सदरा स्वच्छ निघाला की ते चहाच्या हॉटेलात मुद्दाम दिव्याखाली बसतात. गर्विष्ठ माणूस आहे, हे मी गौरवग्रंथातही लिहिणार. स्वतःच्या कामाची स्तुती त्यांना ऐकायला आवडते आणि कोणी केली नाही तर ते स्वतः करतात. पण हाच गर्विष्ठ माणूस चुकल्यावर काय करतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे.

आबासाहेबांचं बोरीत जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्यांनी मुंबईच्या एका लिलावातून परदेशी बनावटीची एक डिझेल गाडी आणली, पांढरी, लांबलचक, मागे जिपेसारखी. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय हे आमच्या तालुक्यात तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका चक्रीला फिरवतो, त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त जोर. दांडा इतका वेगात फिरतो की तो तेलावरच तरंगत राहावा लागतो, म्हणून त्याला इंजिनाचंच तेल जातं आणि परत खाली येतं. आणि हवा किती दाबली जातेय ते सांगायला ड्रायव्हरच्या पुढ्यात एक वेगळा गोल काटा.

हा काटा पहिल्यांदा तात्यांसमोर आला तेव्हा गाडी उभी होती आणि इंजिन सावकाश चालू होतं. काटा शून्यावर. तात्यांच्या उभ्या जन्मात ट्रॅक्टर असो की ट्रक, असा गोल काटा म्हणजे तेलाचा दाब. त्यांनी कपाळाला हात लावला.

"दादाराव, तेलाचा दाबच न्हाई की ह्याला."

"चालताना उठतो काटा, तात्या. हुभी केली की पडतो."

"मग पंप थकायलाय. तेल कमी पडायलंय."

"तेल मोजायची काठी तर भरलेली दाखवायलीय."

"परदेशी काठी हाय. तिला काय कळतंय इथलं." तात्यांनी तेल ओतलं आणि सांगून ठेवलं, "काटा पडला की थोडं तेल टाकत जावा."

दादाराव आज्ञाधारक माणूस. गाडी उभी राहिली की काटा पडणारच, ती त्याची जातच आहे. त्यामुळे दादाराव तेल टाकत राहिले.

कापसाचा हंगाम आला आणि गाडी निळसर धूर सोडायला लागली. खाली तेलाचे थेंब, हवेच्या रबरी नळीत तेलाचा चिखल, आणि जिंतूरकडून येलदरीला जाताना चढावर गाडी बैलगाडीच्या मागे राहायला लागली. पूर्वी चढावर काटा पाऊणच्या खुणेपर्यंत जायचा, तो आता पावापर्यंत जाऊन बसायचा. आबासाहेबांनी बाहेरच्या एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. तिथं सांगण्यात आलं, टर्बो संपला, पूर्ण नवा घाला, आणि गाडी चालवणाऱ्याने हाल केलेत.

शेवटचं वाक्यच घातक ठरलं. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. दादाराव एक दिवस रजा घेऊन परभणीच्या मोर्चाला गेले होते, आणि तेव्हापासून आबासाहेबांचे मुनीम त्यांच्यावर डोळा ठेवून होते. मुनीमजी जिनिंगमध्ये चारचौघांत म्हणाले, "मुद्दाम केलंय. ह्या लोकांचं डोकं आताशा लय वर गेलंय." आबासाहेब तसे समजदार, पण गाडीवर त्यांचा जीव होता. त्यांनी दादारावांना सांगितलं, बाजाराच्या दिवसापर्यंत खरं काय ते कळू दे, नाहीतर चावी ठेव आणि घरी बस. दादाराव गाडी घेऊन थेट फाट्यावर आले.

दादारावांची नोकरी गेली असती तर एवढ्यावर थांबलं नसतं. मुद्दाम गाडी मोडणारा ड्रायव्हर म्हणून तालुक्यात त्यांना कोणी चाकाला हात लावू दिला नसता. मुलीचं डी.एड. अर्ध्यावर होतं. मी मुनीमजींकडे निघालोच होतो, पाना हातात घेऊन. तात्यांनी मागून कॉलर धरली.

"कुठं चाललास?"

"मुनीमाला विचारायला."

"पान्यानं?"

मी पाना पाठीमागे धरला.

"तू त्याला मारलंस तर लोक म्हणतील, बघा, ह्या पोराचं अन् पोरीच्या बापाचं संगनमत हाय. तुझ्या हाताला खाज सुटलीय, किंमत दादाराव देणार. ठेव पाना. बोनेट उघड."

मला इतकं खरं आणि इतकं वेळेवर कोणी बोललं नव्हतं. मी बोनेट उघडलं.

तात्यांनी आधी पंपाचाच संशय धरला. काट्याच्या मागे जाणारी बारीक नळी त्यांनी सोडवली. तेलाची नळी आहे म्हणजे तेल उडणार, म्हणून तोंडाशी पांढरं फडकं बांधलं, स्वतः चार हात लांब उभे राहिले सदरा सांभाळत, आणि मला म्हणाले, "दे रेस." मी दिली. इंजिन ओरडलं. फडकं फुगलं. तात्यांनी फडकं उलटंपालटं करून पाहिलं. कोरडं. पुन्हा रेस. पुन्हा फडकं फुगलं, पुन्हा कोरडं. मग त्यांनी नळीचं तोंड स्वतःच्या गालाशी धरलं. गाल थरथरायला लागला आणि तात्या हसायला लागले. हसता हसता खाली टायरवर बसले.

"अरे, हे तेल न्हाई. वारं हाय. मी वाऱ्याच्या काट्यात तेल ओतीत बसलो."

माझ्या अंगावर काटा आला, खरंच. मी विचारलं, "म्हणजे उभ्या गाडीत शून्य दाखवतो ते बरोबर?"

"बरोबर न्हाईतर काय. उभ्या गाडीत धूर थोडा, चक्री मंद, वारं कुठून येणार? चढावर जोर लागला की काटा उठायचा. उभा असताना न्हाई, चढावर बघायचा तो. उलटा वाचला मी." मग एकदम गंभीर झाले. "आन् माझ्या सांगण्यावरून त्या माणसानं किती तेल ओतलं असंल."

काठी काढली. तेल खुणेच्या किती वर होतं ते सांगण्यात अर्थ नाही, काठीच बुडाली होती. टर्बोतून परत येणाऱ्या तेलाला खाली जागाच उरली नव्हती, म्हणून ते बाजूने वाट काढत होतं. आम्ही खुणेपर्यंत तेल काढून टाकलं. मग हवेकडची नळी सोडवून तात्यांनी चक्रीचा दांडा दोन बोटांत धरला आणि हलवला. आडवा किंचित हलला, पुढेमागे अजिबात नाही, आणि चक्रीची पाती कुठे घासलेली नव्हती.

"जिवंत हाय," तात्या म्हणाले. "टर्बोला काय धाड भरली न्हाई."

आता तेल नेमकं कुठून येतंय ते पाहायचं होतं. तात्यांनी सगळं इंजिन रॉकेलने धुऊन पुसायला लावलं आणि मला फाट्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये पिटाळलं, अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणायला. दुकानदार म्हणाला, "गुलाबाच्या वासाची देऊ का? बोरीत गुलाब आवडतो म्हणे." सगळं दुकान हसलं. मी हात खिशात ठेवले. तात्यांनी ती गुलाबाच्या वासाची पांढरी पावडर इंजिनावर, नळ्यांच्या जोडांवर, टर्बोच्या अंगावर पातळ भुरभुरली. पांढऱ्यावर तेलाचा सूतभर ओघळही लपत नाही. सदऱ्याचं शास्त्रच ते. आणि हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी, कारण जिथून दाबलेली हवा निसटते तिथं बुडबुडे येतात.

दादाराव गाडी घेऊन फेरी मारून आले. पावडर सगळीकडे कोरडी होती. जोडांवर बुडबुडा नाही. म्हणजे बाहेर गळती थांबली होती. पण हवेच्या नळीत आतून तेल अजून येत होतं आणि काटा पावाच्या वर अर्ध्यापर्यंतच गेला होता.

"हवा निसटत न्हाई, तर मग येतच न्हाई," तात्या म्हणाले. "तोंड दाबलंय कुणीतरी. एअर क्लीनर उघड."

दादाराव पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "तात्या, ते नका उघडू."

उघडलं. हवा आत जायच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं बसवलेलं होतं, दुहेरी, काठाला दुमड घालून, दोरी ओवून, बारीक टाक्यांनी शिवलेलं. त्यावर जिनिंगच्या कापसाचा इतका थर बसला होता की घोंगडीसारखा घट्ट नमदाच झाला होता. त्यातून वारं जाणं शक्य नव्हतं. चक्री तरी काय करणार, पुढून हवा मिळेना म्हणून स्वतःच्याच दांड्याजवळचं तेल शोषून घेत होती.

"हंगामात लय कापूस उडतो जिनिंगात," दादाराव म्हणाले. "गाडीच्या छातीत जाऊ नये म्हणून बांधलं. आमच्याकडं सगळेच बांधतेत ट्रॅक्टरला. पोरीनं शिवून दिलं."

पोरीनं शिवून दिलं. मी ते फडकं उचललं, आणि सांगतो, विचारही न करता शर्टाच्या आत घातलं. तात्यांना म्हणालो, "कोणाला सांगायचं न्हाई. तेल जास्त होतं एवढंच सांगू. ते तुमचं झालं, ह्यांचं नाव कशाला?" पुढे असंही म्हणालो की नाहीतर टर्बोतच खराबी होती म्हणू, त्यांना काय कळतंय.

तात्यांनी हात पुढे केला. "काढ ते बाहेर."

"तात्या, मुनीम ह्यांना सोडणार न्हाई."

"काढ. अर्धं सांगितलं तर अर्धं उद्या तोच शोधून काढंल, आन् मग माझंबी खोटं, दादारावचंबी खोटं. आन् आबासाहेबाला खोटं सांगितलेली गाडी मी फाट्यावरनं सोडत न्हाई." मग दादारावांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं? फडकं तुमचं हाय. तुमी न्हाई म्हणलात तर मी बोलणार न्हाई."

दादारावांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सांगा. पण पोरीचं नाव नको."

आम्ही तिघे बोरीला जिनिंगवर गेलो तेव्हा अंगणात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, पंधरावीस शेतकरी, आबासाहेब बाजेवर, मुनीमजी शेजारी. तात्या त्या पांढऱ्या कपड्यांत मधोमध उभे राहिले. त्यांना स्तुती ऐकायला आवडते हे मी आधी लिहिलंच आहे, पण त्या दिवशी ते स्तुतीसाठी उभे नव्हते.

"आबासाहेब, दोन गलत्या झाल्या. पयली माझी. ती आधी ऐका. तो काटा वाऱ्याचा हाय. मी तेलाचा समजलो आन् ड्रायव्हरला तेल ओतायला सांगितलं. त्यानं माझं ऐकलं. गाडी गळायला लागली ती माझ्यामुळं."

देवगाव फाट्याचे तात्या चुकले, हे तात्यांच्या तोंडून बोरीत कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"दुसरी ही." त्यांनी फडकं वर धरलं. "हे हवेच्या तोंडाला बांधलेलं होतं. दादारावनं बांधलं. त्यानं हवा कोंडली, म्हणून जोर गेला."

मुनीमजी लगेच म्हणाले, "म्हंजे केलंच की ह्यानं."

"मुनीमजी, हिकडं या. हात लावून बघा. हे टाके मोजा, ही दुमड बघा, ही दोरी बघा. गाडी मोडायची असंल तर माणूस मूठभर वाळू टाकतो. लुगडं दुहेरी करून, काठ मुडपून, रात्र जागून शिवत बसत न्हाई. हे गाडी मोडायचं काम न्हाई, आजारी लेकराच्या छातीला बांधायचं काम हाय. चुकलं, पण जीव लावून चुकलं. आन् हा कापूस कुणाच्या जिनिंगचा हाय तेबी बघा."

एक म्हातारा शेतकरी गाडीवरून म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरलाबी हाय की तसलं." दुसरा म्हणाला, "माझ्याबी." मुनीमजींनी फडक्याला हात लावला नाही.

आबासाहेब उठले. "आता काटा उठतो का?"

"बसून बघा," तात्या म्हणाले. "गाडी दादाराव चालवतील."

येलदरीच्या त्या चढावर मी मागच्या सीटवर होतो आणि पुढच्या दोन खांद्यांच्या मधून मला फक्त तो गोल काटा दिसत होता. पाव. अर्धा. दादारावांनी गियर टाकला आणि काटा पाऊणच्या खुणेवर जाऊन असा उभा राहिला की मला ओरडावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर धूर नाही. खाली धरणाचं पाणी चमकत होतं. माथ्यावर गाडी थांबली, दादाराव चावीला हात न लावता बसून राहिले, कारण तात्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं आहे की धावून आलेला टर्बो लगेच बंद करायचा नसतो, थोडा वेळ सावकाश चालू ठेवायचा, नाहीतर थांबलेलं तेल आतल्या उष्णतेने जळतं. तेवढ्यात आबासाहेब म्हणाले, "दादाराव, उद्या परभणीला जायचंय. सकाळी लवकर या." आजवर ते त्यांना "ये" म्हणत.

त्या प्रसंगानंतर फाट्यावरची गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत, वाढली. तात्या आता जो भेटेल त्याला आपल्या चुकीची गोष्ट सांगतात आणि प्रत्येक वेळी ती थोडी मोठी करून सांगतात, कारण स्वतःची चूकही दुसऱ्यापेक्षा लहान असलेली त्यांना चालत नाही. पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांच्या तोंडची फडकी मात्र त्यांनी एकेक करून सोडवली आणि क्लीनर दर हप्त्याला झटकायची सवय लावली. दादाराव आजही तीच गाडी चालवतात. मुलीचं डी.एड. झालं, ती शाळेत शिकवते.

आणि आता माझं मागणं. गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, ते मी चिंततोच, पण निःस्वार्थपणे नाही. मध्यंतरी मी सगळा धीर करून तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "मला चालंल. पण आमच्या घरी तुझ्यासारखं तोंड वर करून कुणी येऊ नये, आन् तुमच्या घरून मान खाली घालून कुणी येऊ नये. असा माणूस घेऊन ये." मला असा एकच माणूस ठाऊक आहे. मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "दोनी घरी जावं लागंल. किसनराव मला हाकलून देतील." मी म्हणालो, देतील. "एकदा न्हाई, चार डाव." मी म्हणालो, हो. त्यावर ते नवीन सदरे शिवायला टाकायला निघून गेले.

तेव्हा तात्या, तुम्हांला साठ झाली ती विसरून जा. आमच्या वडिलांचा राग पुष्कळ मोठा आहे आणि दादारावांचा मान त्याहून मोठा. हे काम एका वर्षाचं नाही. तुमचे गुडघे शाबूत राहोत, छाती मोकळी राहो, आवाज असाच मोठा राहो. दोन्ही उंबरठ्यांवर तुम्ही पांढऱ्या कपड्यांत उभे राहा आणि हाकललं तर पुन्हा या. तुमच्याबरोबर चालायला मी आहे, आणि हात खिशात ठेवायलाही आता शिकलो आहे.